नाव, गाव आणि मन

कर्जतपासून जवळच असलेल्या वेणगावची ओळख इतिहासाच्या पुस्तकात बहुधा एका वाक्यात आटोपते : १८५७ च्या उठावातील नानासाहेब पेशवे यांचे हे जन्मगाव. १८२४ साली येथील माधवराव नारायण भट यांच्या घरी जन्मलेला धोंडोपंत पुढे आईवडिलांबरोबर गंगाकाठी ब्रह्मावर्तास गेला आणि १८२७ मध्ये पदच्युत पेशवे दुसरे बाजीराव यांनी त्याला दत्तक घेतले. धोंडोपंत भटाचा नानासाहेब पेशवा झाला. मूल तेच राहिले, नाती बदलली, आणि नात्यांबरोबर त्याचे सारे आयुष्य बदलले. १८५१ मध्ये बाजीराव वारले तेव्हा त्यांना मिळणारा आठ लक्ष रुपयांचा वार्षिक तनखा दत्तक पुत्रास देण्याचे कंपनी सरकारने नाकारले. धर्मशास्त्राप्रमाणे जो पुत्र होता, त्याला कंपनीच्या दप्तरात पेशव्यांचा वारस म्हणून जागा नव्हती. एकाच माणसाविषयी दोन व्यवस्था दोन निराळी उत्तरे देत होत्या. त्या दोन उत्तरांमधील फटीतून पुढे दोन्ही बाजूंचे किती रक्त वाहिले, हे वाचकांस सांगावयास नको.

उठाव मोडल्यावर, १८५९ च्या सुमारास, नानासाहेब नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले. त्यांच्यावर एक लाख रुपयांचे इनाम होते. त्यानंतर कित्येक वर्षे संन्यासी, बैरागी, कोणी भटके इसम ‘हाच नाना’ म्हणून धरले जात आणि सोडले जात. १८७४ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी असाच एक इसम पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केला. त्याला कानपूरला नेले, नानासाहेबांना पूर्वी पाहिलेल्या लोकांपुढे उभे केले. साक्षी जुळेनात, आणि अखेर तो नाना नव्हे असे ठरले. जिवंत माणूस समोर उभा आहे, परंतु तो कोण हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरत नाही. ते इतरांच्या स्मरणात शोधावे लागते, आणि पंधरा वर्षांत ते स्मरणही पुसट झालेले असते, असा तो विलक्षण प्रसंग होता.

माणसाची ओळख नेमकी असते कोठे? त्याच्या देहात, त्याच्या स्मृतीत, की त्याला ओळखणाऱ्यांच्या मनात? योगायोग असा की, हाच प्रश्न २००६ पासून त्याच वेणगावच्या परिसरात विचारला जात आहे. पेशव्यांच्या वारसाबद्दल नव्हे, तर रस्त्यावर सापडलेल्या, मनाने विस्कटलेल्या, नाव-गाव सांगू न शकणाऱ्या माणसांबद्दल. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे केंद्र तेथे आहे. त्या कामाचे मर्म कळण्यासाठी मात्र आधी थोडे आडवाटेने जावे लागेल.

आडवाट उल्हास नदीच्या काठाने जाते. कोकणातील छोट्या नद्या पावसाळा संपला की आटत जातात. उल्हास नदी मात्र कर्जतजवळ भर उन्हाळ्यातही वाहताना दिसते. याचे कारण घाटमाथ्यावर आहे. इंद्रायणीला मिळणाऱ्या आंध्रा नदीवर ठोकरवाडीला धरण बांधून ते पाणी बोगद्यातून व नळांतून सह्याद्रीखाली भिवपुरीच्या वीजगृहात सोडण्याची योजना टाटांनी १९२२ मध्ये पूर्ण केली. त्याआधी १९१५ पासून खालापूर तालुक्यात खोपोलीचे वीजगृह याच रीतीने चालू झाले होते, व त्याचे पाणी पाताळगंगेत जाते. जे पाणी भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात गेले असते, ते वीज निर्माण करून अरबी समुद्राकडे वळते. भिवपुरीचे पाणी राजनाल्याने शेतात घेऊन कर्जतचा शेतकरी उन्हाळी भात काढतो. आता या नदीचे वर्णन कसे करावे? केवळ पात्र मोजून किंवा पाण्याचा थेंब तपासून ती कळणार नाही. डोंगरापलीकडचा पाऊस, मुंबईच्या गिरण्यांची व आगगाड्यांची विजेची भूक, धरणाखाली गेलेली शेते, राजनाल्यावरचे भात, हे सारे एकमेकांत गुंतलेले आहे. एक भाग हलला की दुसरा हलतो, आणि दुसऱ्याचा परिणाम फिरून पहिल्यावर होतो. अशा रीतीने पाहण्याला अभ्यासक प्रणाली-विचार म्हणतात.

विसाव्या शतकाच्या मध्याला ही दृष्टी यंत्रशास्त्र व जीवशास्त्र यांतून मनाच्या अभ्यासात आली. शरीर स्वतःची उष्णता, रक्तातील साखर कशी एका मर्यादेत राखते, हे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी दाखवून दिले होते. १९४८ मध्ये नॉर्बर्ट वीनर यांचा ‘सायबरनेटिक्स’ हा ग्रंथ आला. केलेल्या कृतीचा परिणाम परत येऊन पुढच्या कृतीला वळण देतो, ज्याला आपणही आता फीडबॅक म्हणू लागलो आहोत, त्या तत्त्वावर त्याची उभारणी होती. १९४६ ते १९५३ या काळात मेसी प्रतिष्ठानाच्या परिषदांत गणिती, वैद्य, मानववंशशास्त्रज्ञ एकत्र बसत. ग्रेगरी बेटसन हे त्यांच्यापैकीच एक. मन हे कवटीच्या आत कोंडलेले नसून माणूस, त्याची माणसे आणि त्याचा परिसर यांच्यामधून फिरणाऱ्या वर्तुळात ते असते, हा बेटसन यांचा मुख्य सिद्धांत.

हे ऐकावयास जड वाटते, परंतु धर्मग्रामात वावरणाऱ्याला याचा पडताळा सहज मिळतो. पन्नास वर्षे संसार केलेल्या वृद्ध जोडप्यात आठवणींची वाटणी झालेली असते. कोणत्या नातेवाइकाचे लग्न कोणत्या साली, जमिनीचा सातबारा कोणत्या ट्रंकेत, पाहुण्याला कोणत्या नावाने हाक मारायची, हे बाई जाणते. पुरुष तिला विचारतो. ती गेली की काही आठवड्यांत घरचे म्हणू लागतात, बाबा अचानक विसराळू झाले. त्यांच्या मेंदूत एका रात्रीत फार काही घडलेले नसते. त्यांच्या मनाचा अर्धा भाग दफनभूमीत गेलेला असतो.

मात्र ही दृष्टी निष्पाप नाही, हे इतिहासाने दाखवले आहे. १९५६ मध्ये बेटसन व पालो आल्टो येथील त्यांचे सहकारी जॅक्सन, हेली आणि वीकलँड यांनी स्किझोफ्रेनियाविषयी एक उपपत्ती मांडली. घरातून मुलाला एकाच वेळी दोन विरुद्ध संदेश मिळत राहतात, ‘जवळ ये’ असे शब्द आणि ‘दूर राहा’ असा स्पर्श. या कोंडीतून सुटका नसल्यामुळे मन भंगते, असा तिचा आशय होता. कल्पना चतुर होती, पण पुरावा तोकडा ठरला. तोवर पाश्चात्त्य देशांतील कितीतरी मातांच्या माथी मुलाच्या आजाराचे पाप मारले गेले. वर्तुळाचा सिद्धांत सांगणारे लोकही शेवटी आईकडेच बोट दाखवून मोकळे झाले, ही गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. आजाराला मेंदूतील व आनुवंशिक कारणे आहेत, हे आज बव्हंशी मान्य आहे. १९५२ मध्ये पॅरिसच्या डेले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरून दाखवले आणि अनेक देशांतील वेड्यांच्या इस्पितळांचे रूप त्यानंतर पालटत गेले.

तरी घराचा संबंध संपला असे नाही. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांना आढळले की, बरा होऊन घरी गेलेला रुग्ण सतत टीका, राग, अतिकाळजी यांच्या वातावरणात राहिला तर तो पुन्हा आजारी पडण्याची शक्यता अधिक असते. घर आजार निर्माण करीत नाही, परंतु पुढची वाट अवघड किंवा सोपी करते. रुग्ण गप्प बसतो, घरचे ओरडतात. ओरडण्याने तो अधिक संशयी होतो, दार लावून घेतो. दार लावल्यामुळे ते आणखी ओरडतात. या फेऱ्यात आरंभ कोणी केला हे शोधण्यात अर्थ नसतो, तो कोठे तोडता येईल एवढेच पाहायचे असते. हाच अभ्यास पुढे चंडीगढ येथे झाला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील कुटुंबांत, विशेषतः ग्रामीण कुटुंबांत, अशी कटू टीका लंडनच्या मानाने बरीच कमी होती.

घरालाच उपचाराचे अंग मानण्याची रीत या साऱ्या शास्त्रांपेक्षा पुष्कळ जुनी आहे, आणि तिचे एक उगमस्थान एका ख्रिस्ती तीर्थक्षेत्री आहे. बेल्जियममधील गेल या गावी संत डिम्फ्ना यांच्या समाधीपाशी मध्ययुगात मनोरुग्णांना घेऊन भाविक येत. चर्चला लागून त्यांच्यासाठी खोल्या बांधल्या. त्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा गावातील शेतकऱ्यांनी यात्रेकरूंना आपापल्या घरी ठेवून घेतले. नवस फिटला तरी पुष्कळजण तेथेच राहिले. गुरे वळणे, मुले सांभाळणे, जेवणाच्या मेजावर आपली ठरलेली खुर्ची, असा त्यांचा दिनक्रम होई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेल्जियन शासनाने या व्यवस्थेची देखरेख स्वतःकडे घेतली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस गेलच्या घरांतून साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण राहत होते. आज ती संख्या फार घटली असली तरी प्रथा टिकून आहे. आपल्याकडे १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी इस्पितळात खाटा पुरेनात म्हणून आवारात तंबू उभारले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना त्यांच्यासोबत राहू दिले. अडचणीतून निघालेली ही युक्ती उपचाराचा भाग ठरली; नातेवाईक आजार समजून घेत, रुग्ण लवकर घरी जात.

गेल आणि अमृतसर यांच्याकडे निदान घर होते. ज्याचे घरच हरवले आहे, त्याचे काय?

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वाटवानी दांपत्य मुंबईत एका उपाहारगृहात बसले असता त्यांना रस्त्यापलीकडे एक कृश, मळकट तरुण नारळाच्या करवंटीने गटारातील पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला आपल्या छोट्या रुग्णालयात नेले. उपचारांनी मन थाऱ्यावर आले तेव्हा कळले की, हा विज्ञानाचा पदवीधर असून वैद्यकीय प्रयोगशाळेच्या तंत्राची पदविका घेतलेला आहे, आणि त्याचे वडील आंध्र प्रदेशात जिल्हा परिषदेत अधिकारी आहेत. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘श्रद्धा’ची पुढची सारी वाटचाल या एका प्रसंगात बीजरूपाने आहे. १९९७ मध्ये दहिसरला वीस खाटांचे केंद्र झाले. शेजाऱ्यांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि काम चालू राहिले. २००६ मध्ये कर्जतला सुमारे एकशे वीस रुग्णांची सोय असलेले मोठे केंद्र उभे राहिले. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोपर्यंत सात हजारांहून अधिक माणसे आपापल्या घरी पोचली होती.

या कामाची पद्धत पाहिली म्हणजे आपली आडवाट मूळ रस्त्याला येऊन मिळते. प्रथम अन्न, स्नान, औषध. औषधाविना पुढचे काहीच शक्य नाही, आणि केवळ प्रेमाने वेड जाते असे मानणाऱ्या आपल्यातील भाविकांनी हे ध्यानात घ्यावे. काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, एखादे नाव ओठांवर येते. आधी आईचे, कधी गावच्या नदीचे किंवा जवळच्या रेल्वे स्थानकाचे. मग ती भाषा जाणणारा कोणी त्याच्याशी बोलतो. नकाशावर तालुका सापडतो. शेवटी कार्यकर्ता रुग्णाला घेऊन आगगाडीत बसतो आणि त्याला ओडिशातील, बंगालातील, उत्तर प्रदेशातील त्याच्या उंबरठ्यावर नेऊन उभा करतो. रुग्णाला जे आठवते ते अर्धेच असते. उरलेले अर्धे त्या गावात असते : हा अमक्याचा धाकटा, दहावीपर्यंत हुशार होता, याच्या बहिणीचे लग्न राहिले होते. औषधाने मेंदू सावरला. माणसाची गोष्ट गावाने परत दिली.

नावे जपणे हे गावाचे केवढे मोठे काम आहे, याची जाणीव आपल्याच जिल्ह्याला फार कठोर रीतीने झाली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीतील इरशाळवाडी या ठाकरांच्या वाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली, आणि काही दिवसांनी शोध थांबवावा लागला. त्या रात्री वाडीत कोण होते आणि कोण नव्हते, हे कागदावरून पुरते कळण्यासारखे नव्हते. ते वाचलेल्यांना ठाऊक होते, आश्रमशाळेत असल्यामुळे बचावलेल्या मुलांना ठाऊक होते, आसपासच्या वाड्यांतील सोयऱ्यांना ठाऊक होते. शासनाने पुढे चौकजवळ पक्की घरे बांधून दिली. घरे पुन्हा बांधता येतात. परंतु कुणाला कोण कोणत्या नावाने हाक मारीत असे, हे जाणणारी माणसे ढिगाऱ्याखाली गेली म्हणजे मागे राहिलेल्यांच्या स्वतःच्या ओळखीलाही तडा जातो.

येथे एक आक्षेप घेतला पाहिजे, आणि तो महत्त्वाचा आहे. माणसाची ओळख जर नात्यांच्या वर्तुळातच असेल, तर ज्याची सारी नाती तुटली तो कोणीच नाही काय? गटाराचे पाणी पिणारा तो तरुण, वडिलांचा पत्ता सापडेपर्यंत, व्यक्ती नव्हता काय? सेमिनरीत आम्हांला बोएथियसने सहाव्या शतकाच्या आरंभी केलेली व्याख्या शिकवली जाई. तिच्यानुसार बुद्धियुक्त स्वभाव असलेले स्वतंत्र अस्तित्व म्हणजे व्यक्ती. ही व्याख्या फार एकलकोंडी आहे असे तेव्हा वाटे. पवित्र त्रैक्याविषयी लिहिताना संत थॉमस अक्वायनस यांनी ‘नाते’ हीच संकल्पना मध्यवर्ती धरली, ती मला अधिक जिवंत वाटे. पण अक्वायनस यांनी बोएथियसची व्याख्या टाकून दिली नव्हती, आणि मनोरुग्णांच्या संदर्भात तिचे मोल कळते. प्रणाली-विचार ओळख कशी जुळते, कशी निखळते, पुन्हा कशी सांधता येते हे उत्तम सांगतो. ज्याच्याकडे काहीच शिल्लक नाही त्याच्यासाठी गाडी का थांबवावी, हे मात्र त्यातून निघत नाही. वाटवानी दांपत्याने रस्ता ओलांडला तेव्हा त्यांना पदवी, जिल्हा परिषद, वडील यांतील काहीच ठाऊक नव्हते.

वर्तुळे स्वतःला सांभाळतात, हेही विसरून चालत नाही. संत मार्क यांच्या शुभवर्तमानातील थडग्यांमध्ये राहणाऱ्या गरसेकराची कथा आपण मनोरुग्णाची कथा म्हणून वाचतो. ती गावाचीही कथा आहे. प्रभू येशू त्याला नाव विचारतो, तो शुद्धीवर येतो, आणि ते पाहून गावकरी आनंदित होण्याऐवजी घाबरतात व प्रभूला निघून जाण्यास सांगतात. बेड्या तोडणारा वेडा थडग्यांत आहे, या गोष्टीशी गावाने जुळवून घेतले होते. त्याच्या बरे होण्याने ती घडी मोडली. तो प्रभूबरोबर जाऊ पाहतो, पण प्रभू त्याला घरी, स्वतःच्या माणसांकडे पाठवतो. हे पाठवणे मला त्या कथेतील सर्वांत अवघड आज्ञा वाटते.

कारण घरानेही दरम्यान नवी घडी बसवलेली असते. माणूस हरवतो, वर्षे जातात, रेशनकार्डावरून नाव कमी होते, मतदार यादीतून जाते, जमिनीची वाटणी होते. स्त्री हरवली असेल तर नवऱ्याने दुसरा संसार थाटलेला असण्याची शक्यता मोठी, आणि तिला माहेरच्या दारात उभे करावे लागते. आपल्या ख्रिस्ती घरांत असे होत नाही, असे समजू नये. थोरल्याला फिट येतात, तो पुण्याला नोकरीला आहे, असली उत्तरे धाकट्या मुलीच्या सोयरिकीपायी दिली जातात. आधी देवऋषी, मग एखादे तीर्थस्थान, आणि डॉक्टर सर्वांत शेवटी. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क देतो. १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘ल्युनसी’ म्हणजे वेड हा शब्द होता. त्या मानाने ही मजल मोठीच. तथापि कायदा दारापर्यंत आणतो. आतल्या खोलीत त्याची गादी कोठे घालायची, औषधाची गोळी रोज रात्री कोणी आठवणीने द्यायची, शेजारी विचारतील तेव्हा काय सांगायचे, हे घराला ठरवावे लागते. वडील हरवले तेव्हा पाळण्यात असलेले मूल आता शाळेत जात असते. दारात आलेल्या या अनोळखी माणसाला बाबा म्हणायला त्याला काही महिने लागतात.